एक चौरस मीटर

फेब्रुवारीत गेली विर्वे.
मुहू बेटावरची जमीन तेव्हा लोखंड झालेली,
खणण्याआधी रात्रभर जाळ करावा लागला तिथे.
उर्मास मास्तर म्हणाला,
जन्मभर हिनं कुणाला एक मूळ उपटू दिलं नाही,
आता माती हिलाच आत घ्यायला कांकूं करतेय.
हसलो आम्ही.
धुरानं डोळे चुरचुरत होतेच.

तिची चौकट माझ्या गोठ्यात खिळ्याला आहे.
जुनिपरच्या चार पट्ट्या, कोपऱ्यांना तांब्याची तार,
एक मीटर लांब, एक मीटर रुंद.
दमट दिवशी अजून वास सुटतो तिला.

एकेचाळीस जुलै
ओकच्या पश्चिमेला, त्याच चार खुंट्यांवर
ती ही चौकट टेकवायची
आणि कोपरांवर पालथी पडायची.
वही माझ्याकडे.
ती लॅटिन सांगे, मी ऐकू येईल तसं लिही,
संध्याकाळी माझे हिज्जे वाचून
तिला हसू आवरत नसे.
मला आमचीच नावं येत:
मांजराचा पंजा, बैलाचा डोळा, कोकिळेची जीभ.
तीही लिही म्हणायची, समासात.
ज्यांनी ठेवली ती नावं
त्यांचेही गुडघे भिजलेच असतील की.

सामुदायिक शेताचा अध्यक्ष एकदा
ट्रकभर खत घेऊन आला होता.
कुरण सुधारायचं, वरून हुकूम.
हिनं त्याची बाही धरली, चौकटीशी बसवला,
म्हणाली, मोज.
एकोणीसपर्यंत गेला तो, मग टोपी पडली,
मग पुन्हा पहिल्यापासून.
"एक पोतं टाक," ती म्हणाली,
"पुढच्या उन्हाळ्यात तिनावर थांबशील."
खत बटाट्यांकडे गेलं.
अध्यक्षाची विजार गुडघ्यांवर हिरवी झालेली,
बायकोनं म्हणे आठवडाभर जाब विचारला.

एवढ्या वर्षांत मला एकदाच रागावली.
मी एका नावापुढे लिहिलं होतं: नाही.
पेन्सिल काढून घेतली हातातली.
नाही कोण म्हणतं?
तू बेटभर रांगून आलास?
दिसलं नाही, एवढंच आपल्या हातात.

यंदा आम्ही तिघं.
तार्तूहून विद्यापीठाची पोरं येणार होती,
त्यांची बोट चुकली.
मास्तरकडे भिंग, माझ्याकडे वही,
आणि मास्तरची नात इंगेल, कंटाळलेली,
डासांवर चिडलेली.
दुपारपर्यंत अठ्ठावन्न झाली.
मागच्या पानावर तिच्या थरथरत्या अक्षरात
त्रेसष्ट.

वाद झाला.
मास्तर म्हणाला, पाऊस कमी पडला.
मी म्हणालो, तुझं भिंग जुनं.
खरं तर दोघांनाही एकच भीती,
की पाच जणी
तिच्यामागोमाग निघून गेल्या.
तेवढ्यात इंगेल गाल जमिनीला लावून आडवी झाली.
वरून काय बघताय, म्हणाली, खालून बघा.
आणि पानांच्या बुडाशी बोट नेलं:
चंद्राची किल्ली, नखाएवढी.
पलीकडे फुलाविना गप्प बसलेलं
एक लव्हाळं.

साठ.
तीन ओळी उरल्या.
नाहीत, असं लिहिलं नाही मी.
दिसल्या नाहीत, लिहिलं,
आणि समासात, आमच्या भाषेत,
ज्यांना दिसतील त्यांनी भर घालावी.
निरीक्षकाच्या रकान्यात सवयीनं
वि लिहून झाला होता.
खोडला नाही. पुढे इंगेलचं नाव घातलं.

पिवळ्या बोंडांचा खुळखुळा वाजू लागला
की गवत तयार.
दुसऱ्या दिवशी पहाटे विळ्याला निसणा लावला,
लांब दांडा खांद्याला सवयीचा,
बांधाकडून कापत आलो.
मागच्या कुरणात मुलं शहरात गेल्यापासून
कुणी विळा नेला नाही,
तिथे आता बर्च आहे, सावली आहे,
सावलीत चिडीचूप.

तिचा चौकोन शेवटी ठेवला.
इंगेल चौकट उचलून उभी,
हा पण? म्हणाली.
हा पण.
कापला नाही तर राहत नाही.
पोरीनं दोन पावलं मागे घेतली,
आणि मी विळा
उजवीकडून डावीकडे, जमिनीलगत,
जसा ती आवडीनं बघत बसायची तसा,
सावकाश फिरवला.